ओढायची झोळी

ज्या माणसामुळं माझा भाऊ जन्माचा खाटेला खिळला, त्याला मी एकदा माझ्या हातानं बांधलं होतं. सहा पट्टे, सहा बक्कल. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. खोटं आहे. माझा निवलेला नाही आणि मला तो निववायचाही नाही.

आम्ही नागपूरचे विणकर. घरात दोन माग होते. एकावर बाबा लुगडी विणायचे, दुसऱ्यावर मी पलंगाची नवार. यंत्रमागांनी लुगड्यांचा धंदा बसवला तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कामठीच्या पलीकडच्या एका कोळशाच्या खाणीत लागला. सोमवारी सायकलनं जायचा, शनिवारी काळाठिक्कर होऊन यायचा. आई त्याला अंगणातच अडवायची. "आधी आंघोळ, मंग घर," म्हणायची. तो मुद्दाम तिच्या गालाला काळं बोट लावून पळायचा.

बांगलादेशच्या लढाईनंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. भर दुपारी खाणीत त्याच्या अंगावर छत आलं. एक दगड नेमका कमरेवर. दगड बाजूला केला तेव्हा दादा शुद्धीवर होता, बोलत होता, पायाची बोटं हलवून दाखवत होता. हे नीट ऐका, बोटं हलत होती. पण वरून अजून खडे गळत होते, तिथं थांबायची सोय नव्हती. टोळीतला एक जण स्ट्रेचर आणायला वर धावला.

स्ट्रेचर होता की! प्रथमोपचाराच्या खोलीत, काचेच्या कपाटात, पांढऱ्या चादरीसकट, नवाकोरा. कपाटाला कुलूप, किल्ली मॅनेजरसाहेबाकडं आणि साहेब बंगल्यावर जेवून झोपलेला. कामगार चादरी चोरतात म्हणे! शिवाय तपासणीला कोणी आलं तर कपाट चकाचक दिसायला पाहिजे. बंगल्यावरचा चपराशी साहेबाला उठवायला तयार होईना. काच फोडायची होती, असं आता सगळेच शहाणे म्हणतात. साहेबाची काच फोडायची हिंमत तेव्हा त्या खाणीत एकाचीही नव्हती.

स्ट्रेचर आणायला आलेला तो गडी रिकाम्या हातानं खाली परत गेला आणि चौघांनी मिळून दादाला काखेत धरून ओढला. तिथली गल्ली कमरेएवढी उंच, माणसं गुडघ्यांवर. रुळांवरून, दगडांवरून, हिसके देत देत. वर आणला तेव्हा बोटं हलत नव्हती. दवाखान्यातला डॉक्टर बाबांना म्हणाला, हाड दगडानं मोडलं, पण कण्याच्या आतली नस ओढण्यात गेली. सरळ ठेवून आणला असता तर कदाचित चालला असता.

चौकशी झाली. साहेबानं लिहून दिलं की कपाट उघडंच होतं, जखमी कामगारानंच घाई केली, मला असंच ओढा म्हणाला. खाली साक्षीदार म्हणून चार अंगठे. कोणाचे? ज्यांनी ओढलं त्या चौघांचेच. नोकरी जाईल म्हणून घाबरले, मला समजतं. समजतं, पण माफ करत नाही. दादाला तो कागद वाचून दाखवला तर तो एवढंच म्हणाला, "कागदावर खरं यायले पाहिजेन." बस. एक शिवी नाही. नंतर त्यानं साहेबाचा विषयही कधी काढला नाही, घरात त्याच्या वाटचं मीच चिडायची. साहेबाच्या ऑफिसच्या दारात मी अकरा दिवस जाऊन उभी राहिले. बाराव्या दिवशी चपराशानं सांगितलं, साहेब म्हणतात ते प्रकरण बंद झालं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मुडदा बसो त्याचा!

झोळी त्या रागातून निघाली. लोक नंतर मला म्हणाले, पोरीनं काय दयेचं काम केलं! दयाबिया काही नव्हती. मला त्याच्या त्या काचेच्या कपाटाच्या तोंडात मारायची होती. अशी वस्तू करायची की जी कुलपात राहणारच नाही, गुंडाळून कमरेला बांधता येईल. दादानं पडल्या पडल्या सांगितलं, "स्ट्रेचर त्या बुटक्या गल्लीत घुसलाच नसता वं. पुढं मोठ्या रस्त्यावर कामाले आला असता. गल्लीतून ओढावंच लागते. फक्त कंबर अन् मान हलू नाही." म्हणून मी दुहेरी सुताचं जाड कापड विणलं, त्यात उभ्या बांबूच्या कामट्या शिवल्या. कपाळ, छाती, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे, असे नवारीचे सहा पट्टे लावले. डोक्याकडून चार लांब पट्टे काढले, बैलासारखे खांद्यात अडकवून रांगत ओढता येतील असे.

पहिल्यांदा मीच तिच्यात झोपले. बाबांनी हात आत घेऊन बांधलं, घरापुढच्या गल्लीत वीस पावलं ओढलं, कंबर जागची हलली नाही. शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतक्यात इतवारीतला सूतवाला आला आणि बाबा मला तशीच टाकून त्याच्याशी बोलत बसले. नाक खाजवावं म्हटलं तर हात उचलेना. मान वळेना. वर नुसतं आभाळ, आणि येणारा जाणारा वरून वाकून बघतो. आवाज देण्यापलीकडं मला काही करता येत नव्हतं. तिथं, त्या धुळीत पडल्या पडल्या, मला साहेबाचं काय करायचं ते सुचलं.

खाणीत दरवर्षी सुरक्षेचा सप्ताह व्हायचा. मांडव, हारतुरे, भाषणं, खाणी तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर पाहुणा. कामगारांच्या घरच्यांनाही काही वस्तू मांडायची मुभा होती. मी झोळी बगलेत मारून बसनं गेले. साहेबानं मला ओळखलं नाही. अकरा दिवस दारात उभी होते, तरी नाही! झोळीवरून हात फिरवत इन्स्पेक्टरला म्हणाला, "आमच्या खाणीतलीच कल्पना आहे, सर." आमच्या!

"माणूस घालून दाखवा," इन्स्पेक्टर म्हणाला.

"दाखवतो जी," मी म्हटलं. "पण हलका माणूस कोणीही ओढते. चांगला वजनदार पाहिजेन."

सगळ्यांचे डोळे आपोआप साहेबाच्या पोटाकडं गेले. फोटोवाला कॅमेरा घेऊन तयारच होता. साहेब हसला, घड्याळ काढून चपराशाला दिलं आणि मांडवाबाहेर अंथरलेल्या झोळीत ऐटीत आडवा झाला. मी एकेक पट्टा आवळला. छाती आवळताना म्हणाला, "बाई, जरा हळू." मी म्हटलं, "हललं तर कणा जाते, साहेब."

ओढायला मी चौघांना नावं घेऊन बोलावलं. तेच चौघे. मान खाली घालून आले, खांद्यात पट्टे अडकवले. मग मी साहेबाच्या डोक्याशी उकिडवी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, त्या दिवशी कपाटाची किल्ली कुठं होती?"

"कोणत्या दिवशी?" तो अजून हसतच होता. खरोखर आठवत नव्हतं हो त्याला!

"माझ्या भावावर छत पडलं त्या दिवशी."

हसू गेलं. "ओढा रे!" तो ओरडला. कोणी हललं नाही. "सोडा मला!" त्यानं हात उचलून पाहिला, उचलेना. ऊन थेट तोंडावर. त्याच्या ओठावर माशी बसली. मी ती हाकलली नाही. खोटं कशाला बोलू, मला फार गार वाटलं.

इन्स्पेक्टर पुढं आला. "हे काय चाललंय?"

"एक प्रश्न विचारून राहिली, साहेब. एकच."

साहेब खालून ओरडत होता, ही बाई वेडी आहे, हाकला हिला. चौघांतला सगळ्यात म्हातारा छत्तीसगडचा होता. त्यानं खांद्यावरचा पट्टा काढून जमिनीवर ठेवला. इन्स्पेक्टरकडं बघून म्हणाला, "चाबी साहब के बंगले पे थी. कपाट बंद था. हमने झूठा अंगूठा लगाया." मग दुसरा म्हणाला, हो जी. मग तिसरा, मग चौथा. इन्स्पेक्टरनं खुर्ची मागवली आणि तिथंच, मांडवाच्या सावलीत, चौघांचे जबाब लिहून घेतले. संपेपर्यंत साहेबाला सोडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी इन्स्पेक्टरनंच खूण केली. मी घोट्यांपासून सुरू केलं, सावकाश. कपाळाचा पट्टा सगळ्यात शेवटी.

दिवेलागणीला घरी पोचले. चहासुद्धा न घेता दादाच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं, अगदी माशीपर्यंत. आई रडली. दादा आढ्याकडं बघत ऐकत होता.

"लिहिलं त्यानं कागदावर?"

"लिहिलं. माझ्यासमोर. कपाट बंद होतं म्हणून लिहिलं."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता तरी हसेल. इतके दिवस मी एकटीच जळत होते, याला काही वाटतच नाही, असंच मी धरून चालले होते.

"किती वेळ बांधून होता तो?" त्यानं विचारलं.

"असंन अर्धा घंटा."

"हात हलवता येत नव्हता?"

"बिलकुल नाही."

त्यानं माझ्याकडं मान वळवली. हा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मंग सोडलं काहून वं त्याले?"