आसरांचं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय – पण जरा दमाने घ्या, एकदम तोंडातून निघत नाही.

मी काष्टीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. अंधश्रद्धेवर तर तावातावाने बोलते. त्या वर्षी शेजारच्या तालुक्यात नदीकाठ नवाकोरा केला होता – फरशी, दिवे, बाकडी आणि जुन्या गोदामात संग्रहालय. शाळेची एक दिवसाची सहल तिकडे निघाली. माझी मुलगी चौथीत, तीही होती. बसमध्ये जागा आहे म्हणून सासूबाईंना घेतलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं होतं का ते?

त्या काठावर पूर्वी साती आसरा होत्या. पाण्यातल्या देवी, शेंदूर फासलेले सात दगड. काठ नवा करताना ते धुऊन संग्रहालयात दोरीपलीकडे मांडले होते. सासूबाई दोरीखालून आत गेल्या आणि दगडांना कुंकू लावायला लागल्या. रखवालदाराने बघितलं. तो ओरडला, पोरं गोळा झाली, हेडमास्तर धावत आले – आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कितीदा सांगितलं यांना," मी म्हणाले, "असलं काही करू नका म्हणून."

कुंकवाची डबी माझी होती. नवसही माझाच. मुलगी तापाने फणफणली होती, तेव्हा दवाखान्यात मीच आसरांना बोलले होते. मीच सासूबाईंना म्हटलं होतं – मला शाळेदेखत जमायचं नाही, तुम्ही लावून या. आता त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं, तरी?

"माजंच चुकलं," त्या रखवालदाराला म्हणाल्या. "सुनंनं न्हाई म्हणलं हुतं."

मग त्यांनी पदराने एकेक दगड पुसला. पोरं हसत होती. मला तेव्हा लाज वाटली नाही हो – सुटले, असं वाटलं. परतताना बसमध्ये त्यांनी डबी गुपचूप माझ्या पर्समध्ये ठेवली.

त्या आता नाहीत. मुलगी कॉलेजात आहे. आजीचा विषय निघाला की तो किस्सा हटकून सांगते – आजी कशी दोरीखालून घुसली, आई कशी चिडली. परवा वर्षश्राद्धालाही सांगितला. अख्खी पंगत हसली. मी वाढत होते. मीही हसले.