आधी त्याची विचारपूस

मिशनच्या दवाखान्यात बायको भरती होती; सकाळी तिच्या खाटेवर तिनं अन् मी एका ताटात भाकर कुस्करली. मीठ कमी म्हणून मी कुरकुरलोही.

शेजारच्या खाटेवर एका ख्रिस्ती माणसाची पोरगी तापात होती. तो चपला काढून प्रार्थना करी. आधी देवाचं नाव, देवाचं राज्य, देवाची इच्छा पुरी होवो, अन् स्वतःची भाकर सगळ्यात शेवटी. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तरी याला आणखी एक राज्य हवं.

"पोरगी फणफणून राह्यली, अन् तू देवाचीच खुशाली पुसतं, काऊन बे?"

"काका, बापाजवळ गेल्यावर पहिले त्याले इचारतो, मंग मागतो."

मी तर बायको बरी व्हावी म्हणून थेट नारळाचा नवस बोललो होतो. दुपारी बायकोनं प्राण सोडला. देवाची इच्छा पुरी व्हावी असं त्यानं मागितलं, पुरी माझ्या बायकोच्या खाटेवर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी चपला काढल्या, हात जोडले अन् देवाला विचारलं, "तू बरा हायेस ना? मले आता मागाले काही राह्यलं नाही."