चष्मेवाल्या काकांचं बोलावणं

दुकान उघडं ठेवून गिऱ्हाइकाला घरी परत पाठवण्यात आमच्या चष्मेवाल्या काकांचा हात धरणारा माणूस जबलपुरात झालेला नाही. मी त्यांच्या काउंटरवर बावीस वर्षं बसते आहे, त्यामुळे हे अंदाजाने सांगत नाही. माणूस खुर्चीत टेकला की काका दोन-चार काचा लावून बघणार आणि म्हणणार, "डोळे झकास आहेत तुमचे. काहून चष्म्याच्या मागे लागून राहिले? जा घरी." एका कॉलेजातल्या मुलीला नुसता शोभेसाठी चष्मा हवा होता, तिला नाकाच्या ठेवणीवर लांबलचक भाषण ऐकवून त्यांनी रिकाम्या हाताने पाठवलं. उलट ज्याला चष्मा आहे त्याची सुटका नसे. रस्त्यात कोणाचा चष्मा वाकडा दिसला की काका तो नाकावरून काढून घेत, काड्या सरळ करत आणि परत बसवत, ओळख असो वा नसो. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकलेल्या काकांनी पाद्रीसाहेबांचाही चष्मा असाच सरळ केला होता. पाद्रीसाहेबांच्या दोन्ही हातांत प्याला. ते करणार काय? नंतर एवढंच म्हणाले, "भैया, कम से कम आमीन तो हो जाने देते."

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे तांदळाची थाळी. जवळचं नीट दिसतं की नाही हे अक्षरांच्या तक्त्यावर ठरवायला त्यांचा सक्त विरोध होता. पाटण, सिहोरा अशा आसपासच्या गावांतून येणाऱ्या कितीतरी बायकांना वाचता येत नसे. त्या लाजून "दिसतं" म्हणत आणि चुकीचा चष्मा घालून गावी जात. म्हणून काका खडे मिसळलेले तांदूळ पुढे ठेवत. ज्या काचेतून खडे भराभर वेचले जातील, तो नंबर खरा. बायका खूश असत. पण बँकेचे मॅनेजर आले तरी तीच थाळी! ते भडकले. "मैं यहाँ चावल बीनने आया हूँ क्या?" काका शांतपणे म्हणाले, "तीन कंकड़ छूट गए, साहब." साहेब उठून गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची अख्खी शाखा गेली. मी त्या दिवशी काकांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काकांचं घराणं मूळ नागपूरकडचं ख्रिस्ती. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पण देवाधर्माचं त्यांना वेड होतं असं मी म्हणणार नाही. प्रवचनात ते मागच्या बाकावर डुलक्या घेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते मिशनच्या कामाला आफ्रिकेत, मलावीला गेले, तेही दुसरं कोणी तयार होईना म्हणून. तिथल्या मिशनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तीन महिने चष्मे बनवून देणारा माणूस हवा होता.

"देवानं बोलावलं का हो काका?" मी चिडवलं.

"देवानं कुठं, पाद्रीसाहेबानं बोलावलं. देवापाशी माझा पत्ता नाही, ताई."

परत आले तो माणूस वेगळाच होता. तिथे यांना त्यांची भाषा येईना, त्यांना यांची. पहिल्याच दिवशी काकांनी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून राजम्यासारखे दाणे मागवले आणि त्यात खडे मिसळले. मग काय, रांग लागली. एका म्हातारीला चष्म्यातून दाणे दिसायला लागले तेव्हा ती ताट संपवून थांबली नाही. स्वयंपाकघरातली अख्खी टोपली मागवून, निवडून, मगच उठली, आणि मागची रांग तोवर हसत उभी. ज्या थाळीपायी आम्ही त्यांना वेड्यात काढलं, ती तिथल्या दोन नर्सनी वहीत लिहून घेत त्यांच्याकडून शिकून घेतली.

"बोलावणं मला तिथं गेल्यावर ऐकू आलं, ताई," ते म्हणाले. "दिवसभर काचा घासत राहिलो. वेगळी प्रार्थना करायचं ध्यानातच राहिलं नाही." एवढं ताठ बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात तिकडून पत्र आलं: हात चालतील तोवर इथेच राहायला या. काका ते पत्र खिशात घालून दोन दिवस हिंडले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहिले. "खरं सांगा ताई, माझ्याशिवाय दुकान चालेल का?"

खरं सांगायचं तर ते नव्हते तेव्हा दुकान फार उत्तम चाललं होतं. मी थाळी आत ठेवून तक्ता टांगला होता, काचा कापायला एक कारागीर धरला होता आणि एकाही माणसाला घरी पाठवलं नव्हतं. काका यायच्या आदल्या दिवशी सगळं पुन्हा जिथल्या तिथे लावलं, एवढंच.

"नाही चालणार," मी म्हणाले. "दोन दिवससुद्धा नाही."

त्यांचा चेहरा उजळला. मी वेगळी अपेक्षा केली होती. हिरमुसतील, वाद घालतील. पण आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे त्यांना इतक्या वर्षांत बहुधा कोणी सांगितलंच नव्हतं. "मग कसा जाऊ?" ते म्हणाले. "चलो, कळवून टाकतो त्यांना." आणि शीळ घालत आत गेले.

तिकडून आणखी दोनदा विचारणा झाली, मग थांबली. आता काकांचा हात कापतो, काच घासवत नाही. गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. थेंबांनंतर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात. त्यांच्या नजरेला नजर देऊन मला खरं कधी सांगता आलं नसतं, म्हणून एक दिवस त्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

"काका, तेव्हा मी खोटं बोलले. तुमच्याशिवाय दुकान चाललं असतं. चांगलं चाललं असतं."

ते तसेच मान मागे टाकून पडून राहिले. मग म्हणाले, "मग काहून थांबवलं?"

"मला करमलं नसतं."

बाहेर रिक्षावाले भांडत होते. काकांनी मिटल्या डोळ्यांनीच गालावर ओघळलेलं औषध पुसलं.

"हे त्या दिवशी बोलल्या असत्या ना ताई, तर गेलो असतो मी," ते म्हणाले. "कोणी वाट पाहून राहिलं आहे म्हटल्यावर माणूस बिनघोर जातो."

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि मीही उघडा म्हणाले नाही.