व्हरांड्यातला घोडेस्वार

गावाची पहिली झोपडी दिसली की आमचे साहेब जीप थांबवायला लावत. तिथंच, रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली. मग खाली उतरून हात मागे बांधून उभे राहत. हॉर्न वाजवायचा नाही, आत जायचं नाही. गावातून कोणी तरी येऊन "चला" म्हणेपर्यंत आम्ही सगळे ताटकळत. आमचा ड्रायव्हर माझ्याकडे बघून कपाळाला हात लावी.

"साहेब, सरकारी जीप हाय. कोन अडवते आपल्याले?"

"म्हनूनच थांबलो ना गड्या," ते म्हणत. "ज्याले कोनी अडवत नाई, त्याले सोताच थांबा लागते."

तुम्ही सरकारी अधिकारी पुष्कळ पाहिले असतील. धावते पाहिले असतील, झोपलेले तर नक्कीच पाहिले असतील. बोलावण्याची वाट पाहत झाडाखाली उभा राहणारा अधिकारी मी तरी हा एकच पाहिला.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वरून हुकूम आला की वऱ्हाडात बाहेरचे पाहुणे यावेत, त्यांनी इथली ठिकाणं आणि लोककला पाहाव्यात, त्यातून स्थानिक लोकांचंही भलं व्हावं, आणि यासाठी जिल्ह्यानं योजना करावी. आमच्या अमरावतीच्या कचेरीत योजना करायची म्हणजे मागच्या योजनेची तारीख बदलायची. या विषयावर मागची योजनाच नव्हती, म्हणून ते काम सगळ्यांत धाकट्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडलं. मी त्यांचा कारकून.

पहिल्या बैठकीत प्रत्येकानं आपापली अक्कल पाजळली. किल्ल्यापर्यंत रस्ता करा, घाटावर हॉटेल काढा, मेळघाटातल्या कोरकूंचा नाच दर रविवारी ठेवा. मोझरीच्या आश्रमाला लोक आपणहून जातातच, तेव्हा तिथं सरकारनं काही करू नये यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मग आमचे साहेब उठले. म्हणाले, पाहुण्यांनी गावात जायचं ते गावानं बोलावलं तरच. सण असेल तेव्हाच. एका वेळी एकच बस. आणि पाहुण्यांकडून जे येईल ते गावाच्या विहिरीला.

"अहो, हे पर्यटन आहे की सोयरीक?" एकानं विचारलं. सगळे हसले.

"सोयरीकच समजा," ते म्हणाले आणि खाली बसले. हसले नाहीत.

एवढा हट्ट कशासाठी, ते मला पुढं धारणीच्या दौऱ्याहून परतताना कळलं. ते अकोल्याकडच्या एका खेड्यातले. वडील डफडं वाजवत. गावात कोणाचंही लग्न असो, नवरदेवाच्या घोड्यापुढं वडील वाजवत चालणार. छप्पन्न साली घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, त्या दिवसापासून वडिलांनी डफड्याला हात लावला नाही. गावानं धमक्या दिल्या, मजुरी बंद केली, पण म्हातारा बधला नाही. दोनच वर्षांनी वारला.

"माह्या बापाले कोनी कदी विचारलं नाई, वाजवतं का म्हनून," ते म्हणाले. "वाजव, एवढंच म्हनत. मी त्या कोरकूले तसं म्हनू का?"

तर त्यांच्या नियमांप्रमाणे होळीच्या सणाला मेळघाटातल्या एका कोरकू गावात पहिली बस गेली. गावानं रीतसर बोलावलं होतं, पाहुण्यांना बसायला जागा झाडून ठेवली होती. अमरावतीची, अकोल्याची, अकोटच्या जिनिंगवाल्यांच्या घरची मंडळी होती. एका बाईंनी नाचणाऱ्या पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं, तर हे मध्ये जाऊन उभे राहिले. "बाई, अगोदर नाव इचारा तिचं. मंग फोटो." अकोल्याचे एक वकील चहा पीत बसले होते, त्यांचा नाच हुकला. पुन्हा नाचा म्हणू लागले. साहेब त्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या पोराच्या लग्नाले मले उशीर झाला तं पुन्हा लावान का लगन?" यावर वकीलसुद्धा हसले. संध्याकाळी बस निघाली तेव्हा गावकरी रस्त्यापर्यंत पोचवायला आले. ते आमच्या साहेबांना इतकं भिडलं, की परतीच्या वाटेवर ते पुन्हा पुन्हा मागे वळून गावाकडे पाहत होते.

त्या यशाचा बोभाटा झाला आणि तिथंच माशी शिंकली. योजनेवर सही करणारे मोठे साहेब स्वतः पाहायला आले.

मोठे साहेब सज्जन होते, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट माणसाची लाज माणसाला वाटत नाही, रागच येतो. ते गावाबाहेरच्या झाडाखाली उभे असलेले खांब बघून हरखले. कोरकू लोक आपल्या मेलेल्या माणसासाठी असा सागवानी खांब कोरून उभा करतात. त्याला मुंडा म्हणतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस.

"वा! यातला एक घाटावरच्या डाकबंगल्यात हवा. व्हरांड्यात. मंत्री येताहेत."

मोठ्या साहेबांपुढं आमचे साहेब पुस्तकी मराठी बोलत. "साहेब, हे मेलेल्या माणसांचे आहेत."

"मग नवा करून घ्या. कारागीर आहे ना गावात?"

आता सांगा, काय करायचं? नाही म्हणावं तर सही अडणार, आणि कोणी हुशार माणूस जुना खांब उपटून नेणार. नवा दिला तर जुने वाचतात. हा हिशोब त्यांनी माझ्यासमोरच मांडला आणि मलाही तो पटला.

कारागीर म्हातारा, एका डोळ्यानं अधू, पण आनंदी माणूस. लाकूड पाहून खूश झाला. पटाशी हातात घेतली आणि विचारलं, "कोनाचा?"

"कोनाचाच नाई. डाकबंगल्याचा."

"डाकबंगला मेला का?" म्हातारा खदखदून हसला.

मग यांनी त्याला समजावलं, शोभेचा आहे, नुसता दिसायला. म्हाताऱ्यानं पटाशी खाली ठेवली. रागावला नव्हता. शिंप्याला माप लागतं तसं त्याला माणूस लागत होतं. "साहेब, घोडा तं करतो. पन घोड्यावर कोनाले बसवू? मेला कोन ते तं सांगा."

यांनी पटाशी उचलून म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "माह्या बापाले बसव."

"काय करे तुझा बाप?"

"डफडं वाजवत होता."

खांब तयार झाला तो आणायला आम्ही गेलो, तर घोडेस्वाराच्या कमरेला बारीकसं डफडं होतं. गावच्या बायांनी खांबाला पाणी घातलं, हळद लावली, गाणं म्हटलं. तुझा बाप आता आमच्यातला झाला, असं म्हणत गावचे म्हातारे साहेबांच्या पाठीवर हात फिरवू लागले. हे मान खाली घालून उभे.

जीपमध्ये बसल्यावर बोलले. "हे सगळं सोडाची शपत घेतली होती आमी. बुढ्यानंच घ्याले लावली. अन् मीच त्याचा खांब करून बसलो. वस्तीतल्या लोकायले काय तोंड दाखवू?"

मग पुन्हा म्हणाले, पण अगदी हळू, ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये असं, "पन एक गोष्ट हाय. जिंदगीभर दुसऱ्याच्या घोड्यापुढं चालला तो. आज सोता बसला." आणि चेहऱ्यावरचं हसू लपवायला त्यांनी तोंड बाहेर वळवलं. त्या माणसाला मी इतकं सुखी आणि इतकं शरमिंदं एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं.

मंत्री आले त्या दिवशी घाटावर गारठा होता. पाहुणे येत गेले आणि व्हरांड्यात शिरता शिरता आपल्या टोप्या, मफलर, छत्र्या त्या घोड्याच्या मानेवर अडकवत गेले. मान लाकडातून पुढं काढलेली, जागाच अशी सोयीची होती. आमच्या साहेबांनी एक टोपी काढून टेबलावर ठेवली. चौकीदारानं ती उचलून पुन्हा घोड्यावर अडकवली. यांनी पुन्हा काढली.

"राहू द्या हो," मोठे साहेब हसून म्हणाले. "छान खुंटी झाली की."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. पण मंत्र्यांना गावापर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून नाच इथंच आवारात करावा असं आदल्या दिवशी ठरलं होतं. निरोप कोणी द्यायचा? यांनीच. बोलावल्याशिवाय जायचं नाही असा नियम करणाऱ्या माणसानं गावाला 'या' असा निरोप धाडला. गाव आलं. सरकारचा हुकूम म्हणून आलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं. आपल्या माणसानं बोलावलं म्हणून आलं. बाया पोरंबाळं कडेवर घेऊन, बाप्ये ढोल पाठीला बांधून घाट चढून आले.

कारागीर म्हातारा पायऱ्या चढून आपला खांब बघायला व्हरांड्यात आला. घोड्यावरचा ढीग त्यानं पाहिला. त्याला वाटलं असावं, चुकून झालं. त्यानं एकेक टोपी काढायला सुरुवात केली. चौकीदार ओरडला. तेव्हा म्हाताऱ्यानं आमच्या साहेबांकडे बघून विचारलं, "तुझा बाप ना हा?"

सगळे वळून पाहू लागले. मोठे साहेब म्हणाले, "काय म्हणतोय तो?"

मी यांच्या शेजारीच होतो. हे म्हाताऱ्याकडे पाठ फिरवून बोलले.

"काही नाही, साहेब. कारागिरीबद्दल बोलतोय."

म्हाताऱ्याला पुस्तकी मराठी कळली असेल की नाही, कोण जाणे. त्यानं हातातल्या टोप्या चौकीदाराला दिल्या आणि पायऱ्या उतरून गेला. नाच झाला. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. ढोल वाजवणाऱ्यांकडे आमच्या साहेबांनी एकदाही पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पाहवलं नाही.

परतताना घाटात त्यांनी जीप थांबवायला लावली. उतरून कठड्याशी गेले. मी मागून गेलो. "टोप्यायपायी," ते म्हणाले, "चार टोप्यायपायी मी बापाले ओळख नाई देल्ली." मग माझ्यादेखत हुंदके देऊन रडले. अशा माणसाला रडताना पाहून मला आमच्या कचेरीची, योजनेची, जीपवरच्या पाटीचीसुद्धा लाज वाटली. आजही वाटते.

योजना मंजूर झाली. त्यांचं कौतुक झालं. फक्त बदल एवढाच झाला, की नाच डाकबंगल्यात, मोसमात दर पंधरवड्याला. पाहुण्यांच्या सोयीसाठी. त्यांनी अकोल्याला बदली मागून घेतली, पाणीपुरवठ्याच्या खात्यात. निरोपाचा चहा झाला तेव्हा हार घालून घेतला नाही. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. दिवाळीच्या सुमारास एकदा अकोल्याला गेलो होतो, तेव्हा कळलं की दौऱ्यावर असताना तापानं गेले.

पुढच्या मोसमात मोठ्या साहेबांबरोबर मी घाटावर गेलो. व्हरांड्याच्या भिंतीवर एक नवी फळी ठोकलेली दिसली. सागवानी, गुळगुळीत, तिला ओळीनं सुबक खुंट्या. मी चौकीदाराला विचारलं, कचेरीनं दिली का?

"नाई जी. ते पयले साहेब आल्ते, यष्टीनं. एकटेच. सोता आणली, सोता ठोकली. मले म्हने, लोकायच्या टोप्या इथं अडकवत जा, बावा. हात जोडले माह्यापुढं." तो ओशाळून हसला. "मी सांगून पाह्यलं. पन लोकायले घोडाच जवळ पडते."

मोठ्या साहेबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. मी ती भिंतीपर्यंत नेऊन पहिल्या खुंटीला अडकवली.

"अहो, तिकडं कशाला?" मोठे साहेब म्हणाले. दोन पावलं चालत गेले, आपली टोपी काढून घेतली आणि घोडेस्वाराच्या डोक्यावर नीट बसवली. मग जरा मागं सरून तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बघा, कशी शोभते."