तलवाड्याच्या संघापुढचं शून्य

देशातला सगळ्यांत यशस्वी फुटबॉल क्लब कोणता, हे तुम्ही कशावरून ठरवता? मी कपांवरून ठरवलं होतं. बीडच्या एका क्लासमध्ये मी सामान्य ज्ञान शिकवते. तिथल्या पुस्तिकेसाठी देशातल्या क्लबांची क्रमवारी केली : लीगला दहा गुण, मोठ्या कपाला पाच, उपविजेत्याला दोन. पुराव्याशिवाय गुण नाहीत. आमचं घर चळवळीतलं, मी मोर्चांची पत्रकं जुळवत वाढले. एक आकडा खोटा निघाला की अख्खं पत्रक खोटं ठरतं, हे घरात सतत ऐकलेलं. मुलांनी यादी पाठ केली. तिच्यात मराठवाड्यातला एकही क्लब नव्हता. मला काही वाटलं नाही.

मग गेवराईच्या मैदानाचा प्रश्न आला. संध्याकाळच्या सरावाला ते एकाच संघाला मिळणार होतं, आजवर सर्वांत यशस्वी ठरेल त्याला. मैदान समितीनं माझी पुस्तिका पाहिली होती. तालुक्याची यादी करायचं काम माझ्याकडंच आलं. तलवाड्याचा संघ माझा मामा चालवतो, हे मी आधीच सांगितलं. "मग तर तुम्ही जास्तच चोख कराल," समितीचे लोक म्हणाले.

मामाच्या किराणा दुकानामागच्या खोलीत गोलाची जाळी होती, तीन चेंडू होते, हवा भरायचा पंप होता. कप एकही नव्हता.

"मामा, कप कुठायत?"

"ज्या गावानं जेवू घातलं, त्या गावात."

बाहेरगावी स्पर्धेला गेलं की तिथल्या घराघरांतून भाकरी यायच्या. जिंकलेला कप आमचे लोक त्याच गावच्या शाळेत ठेवून यायचे. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी विचारलं.

"एखादा फोटो?"

"फोटो कावून काढावं? आमी खेळायला गेलतो, लग्नाला न्हाई."

पोत्यावर बसलेला संघाचा गोलकीपर हसला. "मॅडम, भाकरीला किती मार्क हायेत तुमच्यात?"

"मामा, शून्य पडतंय."

"मंग टाक की. भाची म्हणून वाढवून देऊ नको. लई बोभाटा होईल."

मी शून्य टाकलं. दुसऱ्या संघाकडं नऊ कप होते. सगळे खरे, पुसून ठेवलेले. मैदान त्यांना मिळालं. तलवाड्याची पोरं आता काढणी झालेल्या रानात खेळतात. पेरणी झाली की सराव बंद. मामा आमच्याकडं येतो, चहा घेतो, मैदानाचं बोलत नाही. क्लासमध्ये पुस्तिकेतलं क्लबांच्या यादीचं पान येतं, मी वाचून दाखवते, मुलं लिहून घेतात.

कप ज्याच्या कपाटात, गुण त्याचे, हा नियम मीच केला. खुर्चीवरची माणसं असेच नियम करतात आणि आम्ही त्यांच्याविरुद्ध पत्रकं छापतो. या वेळी खुर्चीवर मी होते.

नवा पुरावा आला तर यादी पुन्हा तपासायचं समितीनं कबूल केलंय. कप कोणकोणत्या गावांत राहिले, हे मामाला आता नीट आठवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावच्या शाळेतलं कपाट उघडायला लावा. फुटबॉलचा जुना कप असेल तर उलटा करून बुडाशी बघा. आमचे खेळाडू तिथं खिळ्यानं 'तलवाडा' कोरायचे. सापडलं तर मुख्याध्यापकांकडून दोन ओळी सही-शिक्क्यानिशी घ्या आणि गेवराईला मैदान समितीकडं पोचवा. कप मात्र तुमच्याच शाळेत राहू द्या.