तिसऱ्या वर्षीचा कप

बागकामाने मन शांत होतं, असं आमच्या बागवानी मंडळाच्या व्याख्यानात दर वर्षी कोणी ना कोणी सांगायचंच. कसलं डोंबलाचं शांत! आदिलाबादला लागून मावला गाव, तिथे आमची भाजीची बाग होती. सकाळी उठून अळ्या चिरडायच्या, घुशींच्या बिळात धूर सोडायचा, वानरांवर गोफण चालवायची. आणि शेवंतीचं काम तर सगळ्यात क्रूर. एका झाडाला चाळीस कळ्या धरतात. स्पर्धेचं फूल पाहिजे असेल तर त्यातली एक ठेवायची आणि बाकीच्या एकोणचाळीस हरभऱ्याएवढ्या व्हायच्या आत नखाने खुडून टाकायच्या. माझी मोठी ताई हे काम इतक्या झपाट्याने करायची की आम्ही तोंडात बोट घालायचो. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं.

मंडळ निजामाच्या काळात चार वकील-डॉक्टरांनी काढलेलं. पोलीस अॅक्शन झाल्यावर आमच्यासारख्या भाजीवाल्यांनाही त्यात घेतलं. श्रावणात व्याख्यान, दसऱ्यानंतर उटनूरच्या जंगलात सहल, थंडीत शाळेच्या पटांगणात फुलांची स्पर्धा. सहल कसली, पानाचं कुजलेलं खत गोळा करायला पोती घेऊन निघालेली टोळीच ती! एका साली एका नेच्याच्या झाडावरून दोन म्हातारे सभासद असे जुंपले की एकाचा दात तिथेच जंगलात राहिला. दुसऱ्या महिन्यात तेच दोघं शेजारी बसून परीक्षक म्हणून फुलं पाहत होते. मला हे सगळं आवडायचं. माझा राग कायम नाकावर, आणि तिथे माझ्या जातकुळीची माणसं भरपूर होती.

ताईला किनवट तालुक्यात दिलं होतं. तेव्हा किनवट आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती माहेरी आली तेव्हा पाठीवर वळ होते. दाजी मारायचा. भाजीत मीठ कमी म्हणून मारायचा, जास्त म्हणूनही मारायचा. मी त्याला जाब विचारायला निघालो तर बाबांनी मला घराबाहेर पडू दिलं नाही. "नवरा-बायकोत पडू नको, लेका. दोघं जुनी झाली का आपोआप थांबते," म्हणाले. बाबांचा मला आजही राग येतो.

मार थांबला तो शेवंतीमुळे. ताईने सासरच्या अंगणात कुंडीत लावलेली पांढरी शेवंती दाजीने आपल्या नावाने स्पर्धेत आणली आणि तिला पहिला नंबर आला. बायकांची नावं तेव्हा कोणी देत नसे. कप वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी राहायचा. दाजीने तो दारासमोरच्या फळीवर मांडला. गावचा पाटील पाहायला आला, मास्तर आला, येणारा-जाणारा डोकावू लागला. दुसऱ्या वर्षीही कप त्यालाच मिळाला. त्यानंतरच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताई मला हळूच म्हणाली, "कप घरात हाय तोवर तो हात उगारत नाई, भाऊ. लोकं येतेत ना पाह्यले. आन् झाडाले माह्या हात लागते, हे बी त्याले मालूम हाय."

मंडळाचा नियम होता की सलग तीन वर्षं जिंकेल त्याला कप कायमचा. ताई त्या तिसऱ्या वर्षासाठी जीव टाकत होती. कप कायमचा घरात, म्हणजे तिला मारही कायमचा चुकला, असा तिचा हिशेब. मला तो पुरता ठाऊक होता. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर सबबी नकोत.

त्याच साली नोव्हेंबरात हैद्राबाद राज्य मोडलं. आम्ही आंध्रात राहिलो आणि किनवट मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेलं. गाड्या त्याच, बाजार तेच, सोयरीक तीच. कचेऱ्यांतले मराठी कारकून तेवढे बोचकी बांधू लागले.

स्पर्धेच्या दिवशी नावं लिहून घ्यायला टेबलावर मी बसलो होतो. ताई आणि दाजी सकाळच्या गाडीने आले. ताईने सहा महिन्यांची लेक सासूजवळ ठेवली होती आणि रस्ताभर कुंडी मांडीवर धरून आणली होती. एकच फूल, ताटलीएवढं, पाकळीला कुठे डाग नाही. मी दाजीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि जिल्ह्याच्या रकान्यात माझा हात थांबला. स्पर्धा जिल्ह्याच्या रहिवाशांसाठी, असं कलम होतं. मी ताईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते माझं मला माहीत. मी 'आदिलाबाद' लिहून टाकलं आणि कुंडी आत पाठवली.

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर दाजीचा! बायका कुंपणाबाहेर उभ्या होत्या, त्यांत ताई. तिने पदराने डोळे पुसलेले मी पाहिले. कप हातात घेण्याआधी जिंकणाऱ्याने झाड कसं वाढवलं ते दहा मिनिटं सांगायचं, अशी पद्धत होती. दाजी उभा राहिला. माती कशी चाळली, कळ्या कधी खुडल्या, सगळं ताईचंच ज्ञान, तिच्याच शब्दांत. मी दात-ओठ खात ऐकून घेतलं. मग तो हसून म्हणाला, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाईचा हात लागला का शेवंती नासते. आमच्या घरातलीले तर मी कुंडीजवळ फिरकू देत नाई."

लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून ओरडलो, "थांबा! हा मानूस आपल्या जिल्ह्याचा नाई. किनवट नांदेडात गेलं!"

अध्यक्ष म्हातारे वकीलसाहेब, कलम म्हटलं की त्यांना बाकी काही दिसायचं नाही. त्यांनी चष्मा लावून नियम वाचला, माझ्या हातचा रकाना वाचला, आणि पुढे केलेला कप परत टेबलावर ठेवला.

दाजीने समोरची एक कुंडी उचलून मला फेकून मारली. ती कानाजवळून गेली आणि मागे फुटली. मांडवाला फावडं टेकवलेलं होतं, ते मी उचललं. पातं नाही, दांडा चालवला, एवढी अक्कल तेव्हा होती. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगडीत. तो खाली पडला तसा मी छातीवर बसलो आणि नाक फुटेपर्यंत बुक्क्या घातल्या. किनवटचे त्याच्या बाजूने आले, गावातले माझ्या. टेबलं उलटली, कुंड्यांवर माणसं पडली, पिवळ्या शेवंतीवर रक्त उडालं. ज्याचा दात जंगलात राहिला होता तो म्हातारासुद्धा काठी घेऊन घुसला. मला मजा आली. लिहिताना लाज वाटते, पण खोटं काऊन लिहू? ताईच्या पाठीवरचे वळ मी एका दुपारी फेडत होतो, असंच मला वाटत होतं.

तिघांनी ओढून मला बाजूला केलं तेव्हा ताई आत आली होती. तिने ना नवऱ्याकडे पाहिलं, ना माझ्याकडे. तिची कुंडी फुटली होती. खापरांतून तिने झाड उचललं. फूल मानेतून मोडलं होतं.

"काऊन बोललास, भाऊ?"

"तुयं नाव घेतलं नाई त्यानं. वरून हसून राह्यला होता."

"मले नाव पाह्यजे होतं का? मले कप पाह्यजे होता."

"जाऊ नको. इथंच राह्य."

"आन् पोरगी? ती तिकडं हाय ना."

मी म्हणालो, मी येतो सोबत, पोरीला घेऊन येऊ. ती म्हणाली, "आता तू नको येऊ. तुले पाह्यलं का अजून पेटंल तो." बाबा म्हणाले, जाऊ दे, चार दिवसांत त्याचं डोकं थंड होईल. आणि मी, फावडं घेऊन अख्खा मांडव उधळणारा मी, तिथे गप्प बसलो. संध्याकाळच्या गाडीला तो नाकाला ओलं फडकं लावून पुढे चालला होता आणि ताई दोन पावलं मागे.

नवव्या दिवशी निरोप आला की ताई विहिरीवर पडली, हात मोडला. बाबा आणि मी मिळेल त्या गाडीने गेलो. दाजी घरात नव्हता. दारासमोरच्या फळीवर कपाच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला होता. ताई भिंतीला टेकून बसलेली, उजव्या हाताला कामट्या बांधलेल्या, बोटं वांग्यासारखी सुजून काळीनिळी. डाव्या हाताने ती लेकीला थोपटत होती.

"इहिरीवर पडलीस?" बाबांनी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "त्यानं इचारलं, कळ्या कोन्या हातानं खुडते तू? मी दाखोला."

बाबा दारातच खाली बसले. मी आत जाऊन तिचं लुगड्याचं बोचकं बांधलं आणि भाचीला उचललं. सासू आडवी आली. या वेळी मी तिला हातही लावला नाही, नुसता वळसा घालून पुढे गेलो. ताई पुन्हा त्या घरी गेली नाही.

पुढच्या वर्षी मंडळाने नियम बदलला. शेजारच्या तालुक्यांनाही भाग घेता येईल, अशी एक ओळ वाढवली. दोन मिनिटांचं काम! ते पत्रक मी चुलीत घातलं आणि मंडळ सोडलं.

शेवंती मात्र आम्ही लावत राहिलो, ताईलाच ती पाहिजे होती. तिचा अंगठा पुन्हा कधी वळला नाही. थंडी सुरू झाली की ती कुंड्यांसमोर पाट घेऊन बसायची, डाव्या हाताने एक कळी दाखवायची आणि म्हणायची, "ही ठेव." बाकीच्या मी खुडायचो. माझं नख जाड, हात घाईचा. कधीकधी ठेवायची कळीच तुटून माझ्या हातात यायची. ताई पुढची कुंडी माझ्याकडे सरकवायची.