दूरच्या ग्रहावर धोंडप्पा

आमच्या सेलूच्या मोंढ्यात धोंडप्पा सरकी-पेंड विकतात. माझं दुकान समोरच, त्यामुळे माणूस मला पाठ आहे. गिऱ्हाइकाला शब्दांनी सोलून काढतील, कुणाच्या बापाला भिणार नाहीत. लिंगायत वाणी माणूस. गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय सकाळी पाण्याचा घोट घेत नाहीत. भीती एकच, अंगावर लिंग नसताना मरण येण्याची. बायको गंगम्मा तशीच गेली. दवाखान्यात तपासणीच्या मशीनमध्ये नेताना डबी काढावी लागली. डबी बाहेर राहिली आणि गंगम्मा आतच संपली.

आता चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही परभणीला एमआरआय करायला सांगितलं. तिथे अंगावर धातू चालत नाही. नात धनश्रीने आणि मी डोकं खाऊन खाऊन त्यांना कसंबसं तयार केलं. सोमवारी जायचं ठरलं.

त्याआधी धनश्रीच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं, ते बघायला आम्ही दोघं गेलो. तिच्याकडे डोळ्यांवर चढवायचा एक जाडजूड चष्मा होता. तो लावला की माणूस थेट दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर.

"जावा की धोंडप्पा, पेंडीची एक शाखा काढून या तिथं," मी चिडवलं.

ते हसत खुर्चीत बसले.

"काय दिसायलंय, आप्पा?" धनश्रीने विचारलं.

"तांबडा सूर्य हाय. लय मोठा. हलंनाच झालाय."

"तो तिथं मावळतच न्हाई. मागं बघा, तिकडं कायमची रात."

ते मागे वळले. मग हळूच म्हणाले, "हितं माणूस न्हाई कुणी. मेलो तर मातीत बसवायचं कुणी?"

त्यांच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. मी हसलो. तेवढ्यात त्यांनी सवयीने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. त्या चष्म्यातून स्वतःचं शरीर दिसत नाही, हे त्यांना सांगायचं आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. छातीच्या जागी त्यांना नुसते दगड दिसले.

"धना, माझी छाती कुठं गेली? हात कुठं हायत?"

असा बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. सदरा चाचपत हात डबीपर्यंत पोचला, त्यांनी ती घट्ट धरली. धनश्रीने चष्मा ओढून काढला. चेहरा घामाने डबडबला होता. हा माणूस इथेच जातो की काय, अशी मला खरंच भीती वाटली.

पाणी प्यायल्यावर ते बोलले. "डबी हाताला लागायली व्हती, पर दिसंना. जिता हाय का मेलोय, तेच कळंना झालं. ती मशीन बी अशीच असंल. सोमवारी मी येत न्हाई."

धनश्री त्यांच्यापुढे खाली बसली. "थोडाच वेळ असतंय, आप्पा. मी बाहीर उभी राहते, तुमची डबी हातात धरून. आलात की आधी गळ्यात घालते."

धोंडप्पांनी तिच्याकडे बघितलं.

"तुझ्या आजीची मीच धरली व्हती," ते म्हणाले.